नाबोथाचा मळा आणि आमचे कोळीवाडे

‘परवडत नसेल तर लांब राहावे, त्यात अन्याय तो कोणता?’ हे वाक्य हल्ली आपल्या धर्मग्रामांतील लग्नघरांपासून गृहनिर्माण संस्थांच्या सभांपर्यंत इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्याचा प्रतिवाद करण्याची कोणास गरजही वाटत नाही. बोलणारी मंडळी दुष्ट नसतात. त्यांनी स्वतः काबाडकष्ट करून घर घेतलेले असते, आणि आपण केले ते इतरांनी का करू नये, असा त्यांचा साधा प्रश्न असतो. आम्हांस मात्र हे वाक्य हिशेबाच्या कसोटीवर खोटे आणि ख्रिस्ती विवेकाच्या कसोटीवर अशोभनीय वाटते.

बांद्र्याचे चिंबई गाव पाहा. येथे आजही होड्या वाळूवर ओढल्या जातात, आणि थोड्याच अंतरावर कार्टर रोड व बॅण्डस्टॅण्डच्या इमारती उभ्या आहेत, जेथे सदनिकेची किंमत कोटींतच बोलली जाते. वरळीचा कोळीवाडा २००९ साली खुल्या झालेल्या सागरी सेतूच्या आणि २०२४ साली वाहतुकीस खुल्या होऊ लागलेल्या किनारी रस्त्याच्या कुशीत सापडला आहे. उत्तरेकडे वसईला आलो, की पाचूबंदर व किल्लाबंदर येथे मासेमार कुटुंबे दाटीने राहतात, तर राजोडी, कळंब, भुईगाव या बाजूस सुट्टीपुरत्या येणाऱ्यांसाठी रिसॉर्ट आणि बंगले उठतात. वर्षातील बहुतेक रात्री दिवा न लागणाऱ्या घरांस जागा मिळते. तेथेच कष्ट करणाऱ्याच्या धाकट्या मुलास मात्र, लग्न झाले की, खोली शोधत पूर्वेकडे जावे लागते.

आता हिशेब करू. म्हाडाच्या २०२२ च्या निकषांनुसार मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणारे कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात मोडते. म्हणजे महिना ५० हजार. अनेक खलाशांना, मासळी विकणाऱ्या बायांना, बेकरीतील कामगारांना एवढे मिळत नाही. तरी मिळते असे धरू. २५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे २२,५०० रुपये हप्ता बसतो आणि फेड संपेपर्यंत ५४ लाख रुपये भरले जातात. जवळजवळ निम्मी कमाई हप्त्यात जाते. एवढे करून २५ लाखांत चिंबईच्या शेजारी काय मिळेल? एक कोटीचे कर्ज काढू म्हटले, तर हप्ता ९० हजारांचा, कमाई ५० हजारांची! येथे काटकसरीचा उपदेश करणे ही थट्टा होय. चहा सोडून, सण सोडून, मुलांची शाळा सोडूनही ही दरी भरून येत नाही.

‘मग लांब राहावे.’ ठीक, परंतु भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे तीनला होडी लोटायची असेल, तर आठवड्याने ती वेळ सकाळी नवाच्या सुमारास जाते. विरारची लोकल वेळापत्रकाप्रमाणे सुटते, समुद्राप्रमाणे नव्हे. वादळाची वर्दी आली की मध्यरात्री होडी वर घ्यावी लागते. जाळी शिवायची, बोंबील बांबूंवर वाळत घालायचे, पावसाचे थेंब पडताच ते काढायचे. ही सारी कामे घराच्या अंगणात होतात आणि त्यांत सारे घर राबते. मच्छीमाराचे किनाऱ्यावरील घर हे त्याच्या धंद्याचे हत्यार आहे. विकत घेणाऱ्यास तेच घर देखावा म्हणून हवे असते. दोघांच्या गरजांना एकाच तराजूत घालून जास्त पैसे देणाऱ्याच्या बाजूने कौल देणे यास बाजाराचा न्याय म्हणतात खरे. पण तो न्याय नव्हे.

या किमती वाढविल्या कोणी? सेतू आणि रस्ते सार्वजनिक पैशांतून झाले. किनारा झाडला सफाई कामगारांनी. उंच इमारतीतील म्हाताऱ्यांची शुश्रूषा परिचारिका करतात, मुले सांभाळतात घरकाम करणाऱ्या बाया, फाटकावर रात्र काढतो पहारेकरी. सर्वांच्या श्रमाने जागा मोलाची होते आणि मोलाची झाली की श्रम करणारेच तेथून हद्दपार होतात. लिओ तेराव्या पोपमहोदयांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. ज्या वेतनात कामाच्या ठिकाणाजवळ निवारा मिळत नाही, ते न्याय्य आहे काय, हा प्रश्न आज त्याच शिकवणुकीतून उभा राहतो.

कोणी म्हणेल, सरकार झोपडपट्टी पुनर्वसनात फुकट घर देते की! देते, मुंबईच्या २०१८ च्या नियमावलीनुसार ३०० चौरस फूट. पण पिढ्यान्पिढ्यांच्या गावास झोपडपट्टी ठरवून, अंगणासह असलेले घर घेऊन, त्याच्या बदल्यात चौदाव्या मजल्यावरची खोली देणे हे पुनर्वसन म्हणावे काय? उद्‌वाहनातून जाळी वर न्यायची आणि बोंबील गच्चीवर सुकवायचे, असा बेत आखणाऱ्याने एकदा ते करून दाखवावे.

सर्वांत बोचरा आक्षेप असा: ‘तुमचीच माणसे जमिनी विकतात.’ हे खरे आहे, आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु विक्रीमागची कारणेही पाहावीत. एका घराचे वारस वीस, सात-बाऱ्यावर नावे आजोबांची, गावठाणाची हद्द जुनीच, दुरुस्तीची परवानगी मिळता मिळत नाही, आणि घरात आजारपण. अशा वेळी दलाल रोख पैसे घेऊन दारात उभा राहतो. ही विक्री मनमोकळ्या मर्जीची नसते.

राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथ आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता, एवढाच त्याचा गुन्हा. ध्यानात घ्यावे, की अहाब राजाने प्रथम तलवार काढली नाही. त्याने भाव सांगितला. अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन म्हणून नकार दिला. त्यानंतरच ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले. चांगला भाव देऊ केल्याने अहाब निर्दोष ठरला नाही; एलिया संदेष्ट्याने त्यास त्याच मळ्यात गाठले.

काही वस्तू सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याच्या हाती जाऊ नयेत, हे आपल्या देशाचा कायदाही जाणतो. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत पारंपरिक किनारी समाजाची जी घरे नियमित करावयाची, त्यांचा व्यापारी उपयोग होऊ नये आणि ती त्या समाजाबाहेर विकली जाऊ नयेत, अशी अट घातली होती. म्हणजे तत्त्व मान्य आहे; उणीव आहे ती अंमलाची आणि आपल्या पाठपुराव्याची.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली गावठाणाच्या हद्दी ठरविण्याचा व बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. कोळीवाड्यांचे व गावठाणांचे सीमांकन पुरे करून वाढत्या कुटुंबांसाठी ती हद्द वाढवावी. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के छोटी घरे सांगितली आहेत. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती. त्या घरांत त्याच परिसरात राबणाऱ्यांस अग्रक्रम मिळावा.

आणि एक मागणी आपणां स्वतःकडे. साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था १९१८ साली बांद्र्यात उभी राहिली, तेव्हा आपले पूर्वज आजच्याहून श्रीमंत नव्हते. त्यांना सहकाराचे मोल कळले होते. आज धर्मग्रामांच्या व विश्वस्त संस्थांच्या ताब्यात किनाऱ्यालगत ज्या मोकळ्या जागा असतील, त्यांचा काही भाग सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावा, घरे विकण्यास बंदी असावी, आणि पात्रता जातीची वा धर्माची नसून त्या गावातील श्रमाची असावी. सभागृह बांधण्यास वर्गणी गोळा होते, तशी यासही होईल. ज्यास घर विकणे भागच आहे, त्याने प्रथम गावातील गरजूस विचारावे आणि गावाने त्याच्यासाठी पतपेढीचे दार उघडे ठेवावे.

प्रत्येक धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेने येत्या बैठकीत दोन याद्या कराव्यात: आपल्या हद्दीतील बंद घरांची, आणि आपल्या हद्दीत राबून दुसरीकडे झोपावयास जाणाऱ्या कुटुंबांची. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि मग ‘परवडत नसेल तर लांब राहावे’ हे वाक्य पुन्हा उच्चारण्याचे धैर्य होते काय, ते पाहावे.