रियाधच्या नावातले पाणी

परदेशी नागरिकांना ठरावीक क्षेत्रांत स्थावर मालमत्ता घेण्याची मुभा देणारा कायदा सौदी अरेबियाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केला. त्याचा अंमल जानेवारी २०२६ पासूनचा. आजवर भाड्याच्या घरात राहिलेली मराठी कुटुंबेही आता रियाधचा नकाशा निराळ्या नजरेने पाहू लागतील. त्या नकाशावरील नावे मात्र त्यांना रोमन लिपीतच वाचता येतात, आणि तिथेच अर्थ गळून पडतो.

‘रियाध’ हे ‘रौदा’चे अनेकवचन. त्याचे भाषांतर ‘उद्याने’ असे केले जाते. परंतु नज्दच्या पठारावर रौदा म्हणजे पावसाचे पाणी साचून हिरवा होणारा सखल भाग. ‘गदीर’ म्हणजे पूर ओसरल्यावर मागे उरलेले डबके. ‘वादी’ म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीपात्र. मराठी कानाला वाटते तशी ती वाडी नव्हे! रौदा, गदीर आणि वादी या तिन्ही नावांच्या वस्त्या आज रियाधमध्ये आहेत. भारतीयांच्या नित्य परिचयाचा बथा बाजारही ओढ्याच्या रेताड पात्राचेच नाव मिरवतो. याउलट नरगिस, यास्मिन ही उत्तरेकडील नव्या वस्त्यांची नावे फुलांची. जमिनीविषयी ती काहीच सांगत नाहीत.

जपानमध्ये हाच प्रश्न कांजी लिपीमुळे ठळक झाला. ‘नुमा’ (दलदल), ‘सावा’ (पाणथळ ओहळ) यांच्या चिन्हांत डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतात. उच्चार ठाऊक नसला तरी वाचणाऱ्याला पाणी दिसते. नव्या उपनगरांना ‘टेकडी’, ‘हिरवळ’ अशा अर्थांची नावे मिळाली आणि ते थेंब पुसले गेले. अर्थात कांजी पुष्कळदा केवळ ध्वनीसाठीही वापरली जाते, तेव्हा नाव हा पुरावा नव्हे, सूचना आहे.

सूचनेची किंमत जेद्दाने २५ नोव्हेंबर २००९ रोजी मोजली. वादींच्या वाटेत उभ्या राहिलेल्या वस्त्यांत काही तासांच्या पावसाने शंभरहून अधिक बळी घेतले. पुणेकरांना यासाठी जेद्दापर्यंत जाण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने आपण ओढा असल्याचे दाखवून दिलेच.

जेद्दात त्यानंतर पर्जन्यवाहिन्या आणि धरणे बांधली गेली. तरीही घर पाहायला जाताना दलालाला चौरस मीटरचा दर विचारण्याआधी एखाद्या अरबी सहकाऱ्याला वस्तीच्या नावाचा अर्थ विचारावा. त्याला पैसे पडत नाहीत.