एकतीस ध्वनिमुद्रिका आणि आपली गाणी

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "यंदा गाणी कोणती वाजवायची?" कोणती गायची, असे सहसा कुणी विचारत नाही. तयार गाणे लावायचे आणि मुलांनी त्यावर नाचायचे, अशी रीतच पडून गेली आहे. याबाबत पालकांपुढे व विश्वस्तांपुढे आम्हांला एक विचार मांडायचा आहे.

घडियाळी पोळेतून सूरसागर पायी जाण्याइतका जवळ. त्याच्या समोरच्या संगीत महाविद्यालयाचे मूळ १८८६ सालच्या गायनशाळेत आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ती सुरू झाली आणि मौलाबक्षांनी ती चालवली. गाणे कागदावर उतरवता यावे म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धतीही तयार केली. त्यांच्या मुलीचा मुलगा इनायत खान. जन्म १८८२, बडोदे. तो याच गायनशाळेत शिकला आणि पुढे तेथे शिकवूही लागला.

१९०९ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी इनायत खानांनी एकतीस गाणी ध्वनिमुद्रित केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर तोंड करून मोठ्याने गायचे आणि तीनेक मिनिटांत गाणे संपवायचे. पुढच्याच वर्षी भाऊ व नात्यातील भाऊ यांना घेऊन ते अमेरिकेला निघाले. 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान' हे त्यांच्या मंडळीचे नाव. आजची मुले त्याला 'बँड' म्हणतील! परदेशात इनायत खानांनी पुढे गाणे जवळजवळ सोडले आणि सूफी विचारांच्या प्रसाराला वाहून घेतले. १९२७ मध्ये ते दिल्लीत वारले. १९९४ मध्ये ती जुनी गाणी सीडीवर पुन्हा निघाली. १९०९ साली ते कर्ण्यापुढे उभे राहिले नसते, तर बडोद्यात घडलेला हा गळा कसा होता, हे आज आपल्याला ऐकायला मिळाले नसते.

आता आपल्या घरांकडे पाहू. मंगळागौरीची गाणी, भोंडला, जात्यावरच्या ओव्या, पाळणे आपल्या पणज्या दक्षिणेतून येताना बरोबर घेऊन आल्या. इथे गुजरातीच्या शेजारात राहून त्यांच्या चाली बदलल्या, मधूनच एखादा गुजराती शब्द येऊन बसला. ही आपली बडोद्याची गाणी. आमच्यातल्या एका घरी अशी पुष्कळ गाणी येणाऱ्या आजी होत्या. "दिवाळीनंतर बसून लिहून घेऊ," असे घरचे म्हणत राहिले. दिवाळी आली, आजी नव्हत्या.

म्हणून आमची सूचना अशी : शाळेने यंदा आपला स्वतःचा एक अल्बम काढावा. प्रत्येक वर्गाने घरातील वडीलधाऱ्यांकडून एक गाणे शिकावे आणि स्वतः गावे. त्याआधी त्या आजी-आजोबांच्या परवानगीने मूळ गाणे त्यांच्याच आवाजात टिपून घ्यावे. गाणाऱ्याचे नाव, गाणे कुणाकडून शिकले आणि कोणत्या सणाला म्हणतात, हे वहीत लिहावे. संमेलनाच्या दिवशी त्याचे प्रकाशन व्हावे. यासाठी स्टुडिओ लागत नाही. पंखे बंद केलेली एक खोली आणि एक चांगला मोबाईल पुरे.

काही पालक म्हणतील, "इंटरनेटवर सगळे मिळते." मिळते, पण तुमच्या आजीची चाल तिथे नाही. काही म्हणतील, "मुले बेसूर गातील." गातील बापडी! वीस वर्षांनी ऐकताना त्याचे कुणाला वाईट वाटणार नाही. परीक्षेची काळजी मात्र खरी आहे. म्हणून वर्गागणिक एकच गाणे, तेही पहिल्या सत्रात, एवढेच आम्ही मागतो.

विश्वस्तांनी थोडा खर्च आणि एक खोली द्यावी, ही विनंती. आणि विद्यार्थीमित्रांनो, ठराव होण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच आजीजवळ बसा आणि म्हणा, "आजी, एक गाणं म्हण ना."