वकील खोटा निघाल्यावर पक्षकाराचें काय?

बार कौन्सिल ऑफ इंडिया ह्या संस्थेनें 1924 नव्हे, तर अगदीं अलीकडे म्हणजे 2024 च्या ऑक्टोबरांत असें जाहीर केलें कीं, 2019 पासून तोंपर्यंत दिल्लीच्या वकिलांच्या पटावरून 107 तोतयांचीं नांवें काढून टाकण्यांत आलीं. बातमी ज्यांनीं वाचली त्यांस धंद्याची शुद्धि झाली म्हणून समाधानच वाटलें असेल. आमच्या मनांत मात्र तेव्हांपासून एक साधा प्रश्न घोळत आहे. ह्या 107 इसमांनीं काळा कोट अंगावर चढविला तो आरशांत पाहण्यासाठीं खास नव्हे. त्यांच्याकडे पक्षकार येत असले पाहिजेत, वकीलपत्रांवर सह्या व अंगठे उठत असले पाहिजेत. त्या माणसांचें पुढें काय झालें?

1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टांत ह्याचें उत्तर शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. 29 वें कलम म्हणतें कीं, वकिली करण्याचा हक्क फक्त नोंदलेल्या अ‍ॅडव्होकेटांचा. 26 व्या कलमानें, फसवणुकीनें मिळविलेली नोंद रद्द करण्याचा अधिकार बार कौन्सिलास दिला आहे. 45 वें कलम अनधिकारी वकिली करणारास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतें. धंद्याच्या अब्रूची काळजी येथें पुरेपूर घेतली आहे; पण ज्याची जमीन गेली, ज्याचा भाऊ तुरुंगांत पडला, त्यास निदान एक पत्र तरी धाडावें, असें ह्या तीन कलमांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

आणि त्याचें काय जातें तें पाहा. तालुक्याच्या कोर्टांत वाटणीचा दावा लागलेला एखादा शेतकरी घ्या. समन्स लागल्यापासून 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत, कैफियत दाखल झाली पाहिजे. ‘वकीलसाहेब’ तारखांमागून तारखा सांगतात, दर तारखेस फी घेतात, आणि इकडे एकतर्फी हुकूमनामा होऊन बसतो. जिल्हा कोर्टांत अपील करण्यास मुदत 30 दिवसांची, हायकोर्टांत 90 दिवसांची. ती टळल्याचें त्यास कळतें तें बेलिफ दरखास्तीचा वॉरंट घेऊन दारांत उभा राहतो तेव्हां! कधीं कधीं याहूनहि वाईट होतें. कोऱ्या वकीलपत्रावर सही करून दिलेली असते, त्यांत तडजोडीचा अधिकारहि छापलेला असतो, आणि त्या अधिकाराचा उपयोग कोणी व कोणासाठीं केला हें पक्षकारास ठाऊकहि नसतें. शिवाय वकिलापाशीं सांगितलेली गोष्ट गुप्त राहते ती कायद्यानें वकिलाचें तोंड बांधलें आहे म्हणून. तोतयापाशीं उघड केलेल्या गुपितास तेंच संरक्षण मिळेल, अशी हमी कोण देणार?

वकिलाच्या कसुरीचें प्रायश्चित्त निर्दोष पक्षकारास भोगावयास लावूं नये, असें सुप्रीम कोर्टानें 1981 सालींच रफीक विरुद्ध मुन्शीलाल ह्या खटल्यांत म्हटलें आहे. वचन मोठें खरें. पण तें पदरांत पाडून घेण्यासाठीं विलंबमाफीचा अर्ज पाहिजे, अर्जास वकील पाहिजे, आणि वकिलास पुन्हां फी पाहिजे. एकदां नागवला गेलेला माणूस ती कोठून आणणार?

ह्यावर एक युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. कित्येक सनदी वकील ह्या तोतयांहून अडाणी असतात. मग काम नीट होत असेल तर कागद कशास पाहतां? केरळांत आलप्पुळ येथें 2021 सालीं एक स्त्री कायद्याची पदवी नसतां, दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक लावून, वकिली करीत असल्याचा आरोप झाला, आणि तेथील वकिलांच्या संघावर ती निवडूनहि आलेली होती. म्हणजे सोबत बसणाऱ्या वकिलांसहि फरक दिसला नव्हता! आम्ही हा युक्तिवाद मुळींच मानीत नाहीं. सनद ही विद्वत्तेची खूण नव्हे, हें आम्हांसहि मान्य आहे. ती जबाबदारीची खूण आहे. सनदी वकिलानें दगा दिला तर 35 व्या कलमाखालीं त्यास शिस्तीच्या कमिटीपुढें खेंचतां येतें. तोतयाची सनदच नाहीं, तर ती काढून कोण घेणार? बरें, कायदा इतका कृपणहि नाहीं. 32 व्या कलमाप्रमाणें कोर्ट एखाद्या खटल्यापुरती बिनसनदी माणसासहि बोलण्याची परवानगी देऊं शकतें. फरक एवढाच कीं, तेथें सर्व उघड्यावर असतें.

अमेरिकेंतील एका वरिष्ठ कोर्टानें 1983 सालीं सोलिना ह्या आरोपीच्या खटल्यांत ह्या प्रश्नाचा निकाल लावला. त्याच्या वकिलानें कायद्याचें शिक्षण घेतलें होतें, पण सनदेची परीक्षा तो उतरला नव्हता. त्यामुळें नुकसान काय झालें तें दाखवा, असें कोर्टानें आरोपीस विचारलेंच नाहीं. शिक्षा रद्द केली. कारण मार्मिक आहे. आपलें बिंग फुटेल ह्या धास्तींत उभा असलेला मनुष्य न्यायाधीशाशीं निर्भयपणें झगडूं शकत नाहीं. आमच्या तालुक्याच्या कोर्टांतला मनुष्यस्वभाव ह्याहून निराळा आहे काय?

आपल्याकडे पदव्यांच्या तपासणीचे नियम 2015 सालीं झाले. तें काम रेंगाळलें म्हणून 10 एप्रिल 2023 रोजीं सुप्रीम कोर्टानें निवृत्त न्यायमूर्ति दीपक गुप्ता ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली आणि विद्यापीठांनीं फी न घेतां पदव्या पडताळून द्याव्या असें फर्माविलें. दुसऱ्याच वर्षीं, 14 मे 2024 रोजीं, त्याच कोर्टानें ठरविलें कीं, वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक-न्यायालयाकडे दाद मागतां येणार नाहीं. हा धंदा इतरांसारखा नाहीं. असेल. पण धंदा वेगळा म्हणून ग्राहकाचा दरवाजा बंद करावयाचा, तर त्या वेगळ्या धंद्यानें आपल्या घरांत दुसरा दरवाजा उघडला पाहिजे.

आमची मागणी अवघड नाहीं. कोणत्या वकिलाच्या नांवावर कोणते खटले आहेत हें आतां कोर्टांच्या संगणकांत शोधतां येतें. पटावरून नांव निघालें कीं त्या नांवाचीं वकीलपत्रें काढावीं, आणि प्रत्येक पक्षकारास त्याच्या भाषेंत पत्र जावें. तें पत्र पोंचल्या दिवसापासून कैफियतीची व अपिलाची मुदत नव्यानें मोजावी. फौजदारी शिक्षा झाली असेल तर फेरसुनावणी मागण्याचा हक्क असावा. आणि नव्या वकिलाची फी त्या कौन्सिलाच्या तिजोरींतून द्यावी, ज्यानें पदवी न तपासतां सनद दिली. दिल्लीच्या त्या 107 नांवांपासून आरंभ करण्यास कसली अडचण आहे?