खोल पाण्यातील गुलाब

मालदीव हा हिंदी महासागरातील प्रवाळबेटांचा देश. तेथील समुद्रात ४० ते ७० मीटर खोलीवर, जेथे सूर्यप्रकाश संधिप्रकाशाइतकाच उरतो, तेथे एक चिमुकला मासा राहतो. गुलाबी, किरमिजी, नारिंगी अशा छटा त्याच्या अंगावर खुलतात. परंतु त्या दिसतात पाण्याबाहेर किंवा दिव्याच्या उजेडात. तांबडा प्रकाश पाण्यात फार खोल पोहोचत नाही. म्हणून त्या खोलीवर हाच मासा मनुष्याच्या डोळ्यांना काळपट भासतो. एवढे ऐश्वर्य अंगावर वागवून ते झाकून ठेवणे, ही निसर्गाची उधळपट्टी म्हणावी की काटकसर, कोण जाणे!

हा मासा १९९० नंतरच्या दशकात संशोधकांच्या हाती लागला होता. परंतु तो दुसऱ्याच जातीतला समजला गेला. ती जात दूर दक्षिणेस छागोस बेटांजवळ सापडलेल्या एकाच पिलावरून ठरविलेली होती. मालदीवचा मासा म्हणजे त्या पिलाचेच मोठेपणीचे रूप, अशी समजूत रूढ झाली. पुढे खवले मोजले गेले, पाठीवरील पराचे काटे मापले गेले, प्रौढ नरांचे रंग ताडून पाहिले गेले, तेव्हा भेद उघड झाला. २०२२ साली या माशाला 'फिनिफेन्मा' हे नाव मिळाले. दिवेही भाषेत त्याचा अर्थ गुलाब. आणि गुलाब हे मालदीवचे राष्ट्रीय फूल. नाव देणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते. त्या देशाच्या संशोधकाने शास्त्रीय वर्णन केलेली ही तेथील माशांची पहिलीच जात.

नावासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवरचा आहे. दोन्ही समुद्रांतील मासे एकाच नावाखाली मोडत होते, तोवर ती जात दूरवर पसरलेली वाटे आणि तिची काळजी करण्याचे कारण दिसत नसे. दोन जाती निराळ्या ठरताच प्रत्येकीचे घर लहान झाले. बाजार मात्र नावासाठी खोळंबला नाही. शास्त्रज्ञांनी ओळखण्यापूर्वीच हा मासा हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांसाठी विकला जात होता. किती आहेत याचा अंदाज नसताना किती काढावेत हे ठरविणार कोण?

मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न येथे पुढे केला जाईल. तो खोटा नाही. परंतु मालदीवचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या जगत आले ते मुख्यतः कुप्यावर, आणि तो ते गळाने एकेक करून धरतात. निदान या गुलाबी माशाची मोजदाद होईपर्यंत त्याची विक्री थांबविल्याने त्यांच्या चुली विझणार नाहीत. रिकाम्या राहतील त्या दूरदेशींच्या काही काचपेट्या.