विश्लेषण : घर आतून न पाहताच टोकन? गिरगाव-लालबागमध्ये धोका अधिक का?

दादर-परळमध्ये भाड्याच्या घराचे फोटो मोबाइलवर येतात आणि पाठोपाठ दलालाचा निरोप : दुसरी पार्टी तयार आहे, आधी टोकन पाठवा. घर हातचे जाईल या भीतीने आत पाऊल न ठेवताच पैसे पाठवले जातात. जुन्या मुंबईत मात्र घर कसे आहे याइतकेच ते देणारा कोण, हे महत्त्वाचे ठरते.

घर देणारा मालक की भाडेकरू?
गिरगाव, परळ, लालबागमधील अनेक जुन्या चाळी आणि इमारती पागडीच्या आहेत. तेथे खोलीचा ताबा असलेली व्यक्ती मालक नसून भाडेकरू असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ ने पागडी घेण्यास मान्यता दिली. पण कलम २६ नुसार, करारात मुभा नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्याने किंवा लायसन्सवर देता येत नाही. मूळ मालकाने आक्षेप घेतल्यास नव्याने राहायला आलेल्यालाही घर सोडावे लागू शकते.

टोकनला संरक्षण किती?
या कायद्यात टोकनसाठी वेगळी तरतूद नाही. रक्कम परत मिळणे दोघांत ठरलेल्या अटींवर अवलंबून असते आणि तोंडी अट सिद्ध करणे कठीण. इंग्लंडमध्ये २०१९ पासून अशी रक्कम एका आठवड्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. आपल्याकडे भक्कम आधार आहे तो नोंदणीकृत कराराचा. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची असून, ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

फोटोत काय दिसत नाही?
शौचालय घरात की मजल्याच्या टोकाला, पाणी किती वाजता येते, भिंतीतली ओल, जिन्याखालचे टेकू. म्हाडा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. इमारत त्या यादीत असेल तर ती रिकामी करण्याची नोटीस कधीही येऊ शकते.

पैसे देण्याआधी काय तपासावे?
पागडीच्या खोलीसाठी भाडेपावती आणि मालकाची लेखी संमती, सोसायटीतील घरासाठी शेअर सर्टिफिकेट पाहावे. पैसे जाणाऱ्या खात्यावरील नाव कागदपत्रांशी जुळते का, हे बघावे. स्वतः जाणे शक्य नसेल तर ओळखीच्या माणसाला पाठवावे. टोकन द्यायचेच असेल तर रक्कम कमी ठेवून परताव्याची अट लेखी घ्यावी. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.