रमजानचा एक महिना आणि उरलेले अकरा

रमजान ईद झाली की आमच्या भिंगारमध्ये दरवर्षी एक प्रश्न हमखास कानावर येतो. "बाजी, तीस रोजे धरले, तरी वजन वाढलंच कसं?" विचारणारी कधी शेजारीण असते, कधी शाळेतली सहकारी. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की हजेरी घेण्याआधी टेबलाला धरून दम खावा लागत होता, तेव्हा.

काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीची महाराष्ट्रभर चर्चा होती. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली ही पद्धत. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आमच्यातले बरेच जण तेव्हा म्हणाले, "हे तर आमच्या रमजानसारखंच झालं!" वरवर पाहता खरं आहे. पण आमच्या दस्तरखानाकडे जरा बघा. इफ्तारला भजी, समोसे, साखरेचं सरबत. तरावीहनंतर बिर्याणी. सेहरीला दूध-फेणी. वेळा दोन ठरलेल्या, खाणं मात्र चार वेळचं. वर दुपारची लांबलचक झोप. मग वजन का उतरावं?

दोष रोजाचा नाही. रोजा ही इबादत आहे, ती वजन कमी करण्यासाठी नसतेच. दोष आपल्या सवयीचा आहे. आपण सगळं एकदम करू पाहतो. एक महिना कडक, मग अकरा महिने मोकळे. डाएटचंही आपण तेच करतो. सोमवारी भात बंद, चहा बंद, रोज एक तास चालणं. पुढच्या शुक्रवारी कुणाच्या तरी वलीम्यात सगळं सुटतं आणि आपण म्हणतो, "माझ्याच्यानं होणार नाही."

खरं तर आपल्या दीनची शिकवण याच्या उलट आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपण लहानपणापासून ऐकतो : अल्लाहला ते अमल अधिक प्रिय, जे थोडं असलं तरी सातत्यानं होतं. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवणही आपल्याला पाठ आहे. बयानात ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन तिन्ही भाग बिर्याणीनं भरतो.

थोड्यानं काय होतं, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासानं दाखवलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांची तीन वर्षं पाहणी झाली; निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना रोज साधारण अर्धा तास चालायला आणि खाण्यात बेताचे बदल करायला सांगितलं होतं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. म्हणजे काटा हलला नाही म्हणून मेहनत वाया गेली असं समजू नये. घरात शिवणाची टेप असतेच, तिनं कंबर मोजा. बाईची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या आत असावी.

मी सुरुवात चहापासून केली. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोजचे ४० ग्रॅम, महिन्याची सव्वा किलोच्या आसपास. नुसती चहातून! पहिल्या महिन्यात कपामागे एक चमचा कमी केला, दुसरं काही बदललं नाही. दुसऱ्या महिन्यात फजरनंतर लगेच आडवं न होता दहा मिनिटं चालणं. नमाज ठरलेल्या वेळेला असतेच, तिला चालणं जोडलं की वेगळी आठवण लागत नाही. तिसऱ्या महिन्यात ताटात आधी भाजी आणि डाळ, मग भाकरी. रमजानमध्ये खजूर आणि पाण्यानं रोजा सोडायचा, मगरिब पढायची, मग जेवायचं. तेवढ्या वेळात तळणावर तुटून पडण्याची घाई ओसरते. आता दुसरा मजला चढल्यावर टेबल धरावं लागत नाही. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका.

आता थोडं कडू बोलते. भिंगारमध्ये भगवान गौतम बुद्ध जॉगिंग पार्क आहे, कॅन्टोन्मेंटचे झाडांचे रस्ते आहेत. जागेची अडचण नाही. अडचण आहे ती नजरेची. बुरख्यातली बाई पायात बूट घालून चालायला निघाली की, "कुठं चालल्या एवढ्या सकाळी?" सातवीपर्यंत मैदानावर धावणारी मुलगी आठवीत एकाएकी कडेला बसू लागते, कारण घरून सांगितलेलं असतं, "आता मोठी झालीस." तिचं धावणं आपण बंद करतो, पुढं लग्नाच्या वेळी तिच्या वजनावर बोलणारेही आपणच. आणि चाळिशीत तिला साखर निघाली की म्हणतो, नशीब!

हया चालल्यानं जात नाही. भावांनो, बायकोला आणि मुलीला सोबत घेऊन निघा. सोबत जमत नसेल तर निदान त्या निघाल्यावर कुठं चाललात असं विचारू नका. उद्या फजरनंतर फक्त दहा मिनिटं. परवा पुन्हा दहा. एवढंच, पण रमजान संपल्यावरही.