नाट्यपंढरीचा हंगाम

संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेथे ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाचे आणि राज्य हौशी नाट्यस्पर्धेचे वेध लागले की, दिवसभर कचेरीत वा दुकानात राबणारी माणसे रात्री तालमीला उभी राहतात, आणि ही निष्ठा आम्हांला कोणत्याही पारितोषिकाहून श्रेष्ठ वाटते. परंतु पात्रनिवड बहुधा परिचितांच्या वर्तुळातच उरकली जाते. मग तासगाव-जतकडच्या एखाद्या गुणी मुलीला, जिच्या घरी नाटकाचे नावही कोणी घेत नाही, हा दरवाजा उघडा आहे हे कळावे कसे? संस्थांनी निवडचाचणीची जाहीर इत्तला वाचनालयांतून व महाविद्यालयांतून द्यावी. शेजारच्या मिरजेने खुलेपणाचा कित्ता केव्हाच घालून दिला आहे : १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात जी संगीतसभा भरते, तिच्यात तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांच्या मांडीला मांडी लावून कोणीही श्रोता निःशंक बसतो. महापालिकेने आपल्या शाळांची सभागृहे सायंकाळी माफक भाड्याने तालमींना द्यावीत, आणि तसा हुकूम स्पर्धेच्या अर्जांची मुदत संपण्यापूर्वी काढावा.